गावाचं काम शिकायला जायचं कुठं?

सांजच्याला चुलीजवळ, नाहीतर दिवसा वावरात कापूस वेचता वेचता तुम्ही आमचा कार्यक्रम ऐकता, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून आज विषय असा घेतला आहे की ऐकून झाल्यावर गटात त्यावर बोलणं व्हावं. बारावी झालेली, बी.ए. झालेली पोरगी घरात असेल तर तिला जवळ बोलवा. शिक्षण सोडून चार वर्षं झालेली सून असेल तर तिलाही बोलवा.

आपल्या कोरपना तालुक्यात बाहेरून माणसं येतात. कोणी आरोग्याची पाहणी करतं, कोणी कोलाम पोडावर जाऊन घरं मोजतं, कोणी पऱ्हाटीवरच्या फवारणीबद्दल विचारतं, कोणी बचत गटाची वही पाहतं. हातात फॉर्म, नाहीतर टॅबलेट. आपण त्यांना चहा देतो, तासभर बसून सगळं सांगतो. मग ती माणसं जातात. त्या माहितीचा अहवाल होतो, बहुतेक वेळा इंग्रजीत, आणि त्यावरून आपल्या गावात काय यावं आणि काय येऊ नये हे कुठंतरी ठरतं. आम्ही गटात एकदा साधा प्रश्न विचारला. हे विचारायला येणारी पोरगी आपलीच का नसावी? आणि अहवाल लिहिणारी? आणि निर्णयाच्या टेबलावर बसणारी?

या कामाला म्हणतात विकास क्षेत्र. दुसऱ्या देशांतल्या संस्था, संयुक्त राष्ट्रसंघ, मोठे निधी यांच्याशी जोडलेलं असलं की त्यालाच आंतरराष्ट्रीय विकास म्हणतात. नाव मोठं आहे, पण ते आपल्या दारापर्यंत येऊन गेलेलं आहे. माविमच्या गटांतल्या बायांना ‘तेजस्विनी’ आठवत असेल. 2007 साली सुरू झालेल्या त्या कार्यक्रमाला इफाडचं कर्ज होतं. इफाड म्हणजे शेती आणि खेड्यांसाठी काम करणारा संयुक्त राष्ट्रसंघाचा निधी. त्याचं मुख्य कार्यालय इटलीत रोमला आहे. लोकसंचालित साधन केंद्र, जिथं तुमच्या गटांचे हिशेब होतात, बँकेचे प्रस्ताव तयार होतात, ते या कार्यक्रमातून वाढलं. म्हणजे रोमला बसलेली माणसं आणि आपली बचतीची पेटी यांच्यामध्ये एक साखळी आहे. त्या साखळीत गावातली सहयोगिनी आहे, तालुक्याचा समन्वयक आहे, जिल्ह्याचा अधिकारी आहे, हिशेब तपासणारी आहे, अहवाल लिहिणारी आहे. प्रत्येक कडीवर पगार आहे, आणि प्रत्येक कडीला काहीतरी शिक्षण लागतं.

आता कोणी म्हणेल, आपल्या जंगलातल्या जिल्ह्यांचा आणि परदेशातल्या शिक्षणाचा काय संबंध? तर शेजारच्या गडचिरोलीचंच उदाहरण घेऊ.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग हे दोघं अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले. 1984 साली शिक्षण झालं आणि ते परत आले. तेव्हा गडचिरोली जिल्हा नवीनच होता, 1982 साली आपल्या चंद्रपुरातून वेगळा झालेला. तिथं त्यांनी ‘सर्च’ ही संस्था उभी केली. राणीताईंनी दोन गावांतल्या 650 बायांची तपासणी केली. शंभरातल्या 92 बायांना अंगावर काढलेला काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी तपासणी झालेल्या बाया शंभरात फक्त 8 होत्या. 1989 साली हा अभ्यास ‘लॅन्सेट’ या जगभर वाचल्या जाणाऱ्या साप्ताहिकात छापून आला. तोपर्यंत जगात खेड्यातली बाई म्हटली की बाळंतपण आणि कुटुंब नियोजन, एवढंच बोललं जायचं. बाईला त्याशिवायही दुखणं असतं, हे गडचिरोलीच्या बायांच्या तपासणीतून जगाला कळलं.

पुढची गोष्ट तर आणखी आपली आहे. नवजात बाळं मरत होती. दवाखाना दूर, रस्ता नाही. सर्चने 39 गावांत गावातल्याच, थोडं शिकलेल्या बायांना शिकवलं. बाळाचं वजन कसं घ्यायचं, त्याला ऊब कशी द्यायची, श्वास अडकला तर काय करायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा. त्यांना आरोग्यदूत म्हणतात. त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू, जिथं हे काम नव्हतं त्या गावांच्या तुलनेत, 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 साली तेही लॅन्सेटमध्ये आलं. आज आपली आशाताई बाळंतिणीच्या घरी येऊन बाळाला पाहते, वजन करते, त्या कामाचं मूळ तिथं आहे.

यात आम्हाला दोन गोष्टी दिसतात. पहिली, बाहेर शिकून आलेल्यांनी मोजायची पद्धत आणली, म्हणून जगाला ऐकावं लागलं. नुसतं ‘बाळं मरतात हो’ असं आपण कितीही म्हटलं असतं तरी ते कोणाच्या कागदावर गेलं नसतं. दुसरी, गावातल्या बायांनी रात्री-बेरात्री जाऊन बाळं सांभाळली, म्हणून ते मोजण्यासारखं झालं. शिक्षण एकट्याने पुरलं नसतं आणि कष्टही एकट्याने पुरले नसते.

आणखी एक गाव सांगतो. धानोरा तालुक्यातलं मेंढा, ज्याला मेंढा-लेखा म्हणतात. त्या गावाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांमध्ये. पण त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून गावात अभ्यासगट बसत होता. देवाजी तोफा आणि गावातली माणसं, आणि चंद्रपूरचे मोहन हिराबाई हिरालाल, ज्यांचं 2025 च्या जानेवारीत निधन झालं, हे सगळे मिळून कायदा वाचायचे, चर्चा करायचे, पटलं तर ग्रामसभेत मांडायचे. तिथं पदवी नव्हती, पण अभ्यास होता. म्हणून पोरींना कॉलेजात पाठवा असं जेव्हा आम्ही म्हणतो, तेव्हा घरी राहणाऱ्या बायांनी अभ्यास सोडावा असं आमचं म्हणणं नाही.

आता रस्ता सांगतो. जिथं तुमचा पाय आहे तिथून धरा.

ज्यांची दहावी किंवा बारावी राहिली आहे, त्यांनी 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा द्यावी. गावाजवळच्या हायस्कूलमध्ये विचारा. शाळा सुरू झाल्यावर लवकर विचारा, कारण उशीर झाला की दंडाची फी लागते. लेकरं झालेल्या बायाही ही परीक्षा देतात, त्यात लाज कसली?

बारावी झाली असेल तर दोन वाटा आहेत. एक म्हणजे साधी बी.ए. गडचांदूर, राजुरा इथं कॉलेजं आहेत, आणि ती गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाला जोडलेली आहेत. हे विद्यापीठ 2011 साली आपल्या दोन जिल्ह्यांसाठीच वेगळं झालं. विषय घेताना समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र असे घेतले तर पुढं उपयोगी पडतात. दुसरी वाट बी.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याची पदवी. या शिक्षणात आठवड्यातले काही दिवस वस्तीत, गावात, संस्थेत जाऊन प्रत्यक्ष काम करावं लागतं, त्याचे गुण असतात. चंद्रपूरजवळ पडोलीला, गडचिरोलीला आणि नागपूरला समाजकार्य महाविद्यालयं आहेत. कोणत्या कॉलेजात बी.एस.डब्ल्यू. आहे, कोणत्यात फक्त एम.एस.डब्ल्यू., हे आधी फोन करून विचारा.

तिसरी वाट थोडी लांबची, पण महाराष्ट्रातच. टाटा सामाजिक विज्ञान संस्था, जिला सगळे टिस म्हणतात, ती 1936 साली मुंबईत सुरू झाली. तिचा एक परिसर भवानीच्या तुळजापुरात आहे, आणि तो खेड्यांच्या प्रश्नांसाठीच काढलेला आहे. तिथं बारावीनंतरची पदवी आहे आणि पुढचं एम.ए.ही आहे. प्रवेश सीयूईटी या केंद्रीय परीक्षेतून होतो. बारावीनंतरची सीयूईटी मराठीतूनही देता येते, हे पुष्कळ पोरींना माहीत नसतं. तिथलं शिकवणं मात्र इंग्रजीत आहे, त्याची तयारी ठेवावी लागते.

पदवी झाली असेल तर एम.एस.डब्ल्यू. आहे, टिसचं एम.ए. आहे, बंगळूरच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात विकास या विषयाचंच एम.ए. आहे. तिथं घरच्या उत्पन्नाप्रमाणे फी माफ होते, पूर्णही होऊ शकते. गुजरातेत आणंदला इर्मा आहे, दूध सहकाराचे डॉ. वर्गीस कुरियन यांनी 1979 साली उभी केलेली. तिथं ग्रामीण व्यवस्थापन शिकवतात, पण फी जड आहे. आणि ज्या बाईला घर सोडता येत नाही तिच्यासाठी इग्नू हे मुक्त विद्यापीठ आहे. तिथं ग्रामीण विकासाचं एम.ए. आणि एम.एस.डब्ल्यू. हिंदीतूनही करता येतं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ तर मराठीतूनच पदवी देतं.

मुक्त विद्यापीठ म्हटलं की लोक नाक मुरडतात. त्यांना राजू केंद्रे यांचं उदाहरण सांगा. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात पिंपरी खंदारे नावाचं खेडं आहे. तिथल्या शेतकरी घरातला हा मुलगा. पदवी मुक्त विद्यापीठाची, त्यानंतर टिस, आणि 2021 साली चेव्हनिंग शिष्यवृत्ती मिळवून लंडनच्या सोआस या विद्यापीठात. त्याआधीच त्यांनी यवतमाळला ‘एकलव्य’ नावाचं काम सुरू केलं होतं. ज्यांच्या घरात आधी कोणी शिकलं नाही अशा मुलामुलींना मोठ्या संस्थांच्या प्रवेशाची तयारी करून देणं, हे ते काम. यवतमाळ आपल्याला लागूनच आहे.

मग परदेशाचं बोलू. तिथं या विषयाला विकास अभ्यास, सार्वजनिक आरोग्य, लिंगभाव आणि विकास, पर्यावरण आणि विकास अशी नावं असतात. संयुक्त राष्ट्रांच्या अधिकारी पदांना बहुतेकदा एम.ए.च्या बरोबरीची पदवी आणि काही वर्षांचा अनुभव मागतात. स्वतःच्या पैशाने जाणं आपल्यापैकी कोणाला जमणार नाही, आणि जमीन गहाण टाकून जाऊही नये. शिष्यवृत्तीनेच जायचं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 साली अमेरिकेत शिकायला गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. शिष्यवृत्ती म्हणजे कोणाची मेहेरबानी नव्हे, ती वापरण्यासाठीच ठेवलेली असते.

केंद्र सरकारची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती आणि भूमिहीन शेतमजूर-कारागिरांच्या मुलांसाठी दरवर्षी 125 जागा, त्यांतल्या 30 टक्के मुलींसाठी. अनुसूचित जमातींसाठी वेगळी योजना आहे, 20 जागांची. आणि हे नीट ऐका. त्या 20 पैकी 3 जागा आदिम जमातींसाठी आहेत. महाराष्ट्रात आदिम जमाती तीन: कातकरी, माडिया आणि कोलाम. आपल्या माणिकगड पहाडातल्या कोलाम पोरीसाठी देशाने नाव घेऊन जागा ठेवली आहे, आणि ही गोष्ट किती पोडांवर पोचली आहे, ते तुम्हीच सांगा. राज्य सरकारचीही राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी. आदिवासी विकास विभागाची आणि इतर मागास बहुजन कल्याण विभागाची वेगळी आहे. उत्पन्नाची, वयाची, गुणांची अट असते. ती बदलते, म्हणून त्या वर्षाची जाहिरात वाचूनच अर्ज करा.

ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती जात पाहत नाही, पुढारपण पाहते. एक वर्षाचं शिक्षण, सगळा खर्च त्यांचा. अट म्हणजे पदवी, दोन वर्षांच्या कामाचा अनुभव, म्हणजे 2,800 तास, आणि शिक्षण झाल्यावर दोन वर्षं आपल्या देशात परत येऊन राहणं. बिनपगारी सेवेचं कामही या तासांत धरतात. म्हणून आम्ही पोरींना सांगतो, गटाचं, ग्रामसंघाचं, अंगणवाडीतलं, वनहक्क समितीचं जे काम केलं ते तारखेसह वहीत लिहा आणि संस्थेकडून त्याचं पत्र घ्या. आपल्या बाया दहा वर्षं काम करतात आणि कागद एकही नसतो.

कागदावरून आठवलं. आमच्या गटातल्या एका पोरीचा प्रवेश पक्का झाला होता, आणि जातपडताळणीचा कागद वेळेत हातात आला नाही म्हणून तिचं एक वर्ष गेलं. हुशारीत ती कुठंच कमी नव्हती. म्हणून अकरावीतच जातीचा दाखला आणि पडताळणीचा अर्ज करा. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, ओबीसी असेल तर नॉन-क्रीमिलेयर, टी.सी., आणि आधारवर व गुणपत्रिकेवर एकच नाव. लग्न झालेल्या पोरींचं नाव बदललं की इथंच घोळ होतो. बँक खातं आधारला जोडलेलं ठेवा, कारण महाडीबीटीचे पैसे तिथंच येतात.

राहायचं कुठं, हा दुसरा प्रश्न. शासनाची मुलींची वसतिगृहं आहेत. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर खोली आणि जेवणासाठी थेट खात्यात पैसे देणाऱ्या योजना आहेत: आदिवासी पोरींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, अनुसूचित जातीसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. पैसे उशिरा येतात हेही खरं आहे. पहिल्या चार महिन्यांची सोय हाताशी ठेवूनच पोरीला पाठवा.

आता घरातले प्रश्न. पहिला इंग्रजीचा. परदेशासाठी आयईएलटीएससारखी परीक्षा द्यावी लागते, तिची फीच 15,000 रुपयांच्या वर आहे. ते पुढचं झालं. आजपासून रोज अर्धा तास मोठ्याने वाचायचं, एवढ्यापासून सुरुवात करा. आणि पोरींनो, तुमच्याजवळ जे आहे ते कमी समजू नका. कोलामी, गोंडी, तेलुगू, मराठी, हिंदी अशा चार-पाच भाषा इथली पोरगी सहज बोलते. दिल्लीहून आलेल्या अधिकाऱ्याला पोडावरच्या आजीशी बोलायला दुभाष्या लागतो, तुम्हाला लागत नाही. या कामात ती फार मोठी कमाई आहे.

दुसरा प्रश्न लग्नाचा. ‘एवढी शिकली तर नवरा कुठून आणायचा?’ हे आम्हीही ऐकलं आहे, आमच्याच घरात ऐकलं आहे. आमचं म्हणणं एवढंच की पोरीला अठरा झाले म्हणून घाई करू नका. पदवीची तीन-चार वर्षं तिच्या हातात राहू द्या. नंतर ती जे ठरवेल ते स्वतःच्या पायावर उभी राहून ठरवेल.

तिसरा प्रश्न: शिकून ती परत येईल का? काही येतील, काही येणार नाहीत. जी नागपूरला, दिल्लीला किंवा आणखी लांब राहील, तीही आपल्या बाजूने बोलेल, एवढं तरी आपण तिला घरातून देऊन पाठवलं पाहिजे.

आणि खरं तेही सांगितलं पाहिजे. या क्षेत्रातल्या पुष्कळ नोकऱ्या प्रकल्पाच्या असतात. प्रकल्प तीन वर्षांचा तर नोकरी तीन वर्षांची. सुरुवातीचा पगार थोडा, फिरणं फार. ‘परदेशात एनजीओत लावून देतो, आधी एवढे भरा’ म्हणणारे दलालही आहेत. खरी संस्था नोकरीसाठी पैसे मागत नाही. कोणत्याही कॉलेजात फी भरण्याआधी ते विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे का, ते पाहून घ्या.

शेवटी, गटांनी काय करावं? आम्ही चार कामं सुचवतो. एक, गावातल्या दहावी, बारावी आणि पदवी झालेल्या पोरींची यादी ग्रामसंघाच्या वहीत लिहा, शिक्षण सुटलेल्या सुनांसह. दोन, मे महिन्यात एक दिवस कागदपत्रांसाठी ठेवा. सगळ्या पोरींचे दाखले एकत्र तपासा, जे नसतील त्यांचे अर्ज सेतू केंद्रात एकत्र करा. तीन, गटाच्या अंतर्गत कर्जात शिक्षणाला जागा द्या. शेळीला कर्ज देतो, बियाण्याला देतो, परीक्षेच्या फीला आणि प्रवासालाही देऊ. चार, गावात पाहणीला जी ताई येईल तिला उत्तरं देऊन झाल्यावर आपणही विचारा: ताई, तुम्ही काय शिकलात? कुठं शिकलात? खर्च किती आला? आमच्या पोरीला सांगाल का? आम्ही विचारून पाहिलं आहे. बहुतेक जणी आनंदाने सांगतात, नंबरही देऊन जातात.

‘उमेद’मधल्या वर्धिनी आपलं घर सोडून दुसऱ्या जिल्ह्यातल्या गावांत गेल्या, पंधरा-पंधरा दिवस राहिल्या आणि अनोळखी बायांचे गट उभे केले. गावाबाहेर जाऊन दुसऱ्या गावाचं भलं करायचं, हे आपल्या बाईला जमतं, ते दिसून गेलं आहे. आता त्याला शिक्षणाची जोड द्यायची आहे.

पुढच्या बैठकीत बचतीची रक्कम मोजून झाली की यादीची वही काढा आणि पहिलं नाव लिहा. आमचा राम राम, जय सेवा, जय भीम.